मला न लागलेले छर्रे

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज हरलो. म्हणजे टीम हरली. मी शेवटपर्यंत मैदानात होतो.

कारण एकच : रायफल. पोराकच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीत, शेवटच्या शेडमध्ये मी एकटा शिरलो होतो. समोर त्यांचे तिघे, झेंडा हाताच्या अंतरावर, आणि ऐन वेळी रायफलची बॅटरी बसली. नुसती घरघर. एअरसॉफ्ट म्हणजे पोरखेळ असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या शेडमध्ये उभं राहून दाखवावं. छर्रे प्लास्टिकचे असतील, अब्रू खरी असते.

ठराव : कमरेला दुसरं हत्यार हवं. बॅकअप. गॅसवर चालणारं पिस्तूल. स्वस्तातलं, पण स्वस्त न दिसणारं.

समोरच्या टीममध्ये जेरिको म्हणून एक आहे, बँकेत कॅशियर. तो ओरडत होता, "काका, लागली तुम्हाला! अहो, दोनदा लागली!" मला नियम शिकवतो. ज्याला छर्रा लागला त्याने आपणहून हात वर करून 'हिट' म्हणायचं, खिशातलं लाल फडकं डोक्यावर टाकायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. पंच काही प्रत्येकाच्या मागे फिरत नाही. सगळा खेळ इमानावर चालतो. 'लाहार लांडगे' (लाहार म्हणजे इथल्या ज्वालामुखीच्या राखेचा लोंढा) या आमच्या टीमच्या शर्टावर पाठीमागे 'इमान' हा शब्द मीच छापून घेतलाय. लागली असती तर म्हटलं नसतं का? मध्ये केळीचं पान होतं. पानाला लागली. पानाने हात वर करावा.

डोमेंगने घरी सोडलं. डोमेंग माझा शाळेपासूनचा मित्र. टीम आम्ही दोघांनी काढली. हायवेवर त्याचं मोटरसायकलच्या पार्ट्सचं दुकान आहे, आणि टीम ज्यातून जाते तो पिकअपही त्याचाच. वाटेत गाडीतला रेडिओही लावला नाही. हरल्याचं फार मनाला लावून घेतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सेलीने पाठीला बाम लावताना विचारलं, हे गोल गोल लाल काय आहे. म्हटलं, डास. म्हणाली, "शर्टावरून?" म्हटलं, हल्लीचे चावतात. तिने बामच्या बाटलीचं झाकण लावलं. अर्धी पाठ तशीच राहिली. बायको काम अर्धवट सोडते.

वॉर्ड ऑफिसात डासांची लेखी तक्रार द्यायची. उद्याच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बेबोटताईंच्या दुकानात गेलो. मार्केटच्या मागच्या बोळात. एका बाजूला एअरसॉफ्टचा माल, दुसऱ्या बाजूला हालो-हालोची, म्हणजे किसलेल्या बर्फाच्या गोड खाऊची, गाडी. बर्फ किसता किसता सल्ला देतात. म्हणाल्या, "कॅप्टन, बॅकअपच ना? मग हे काळं घ्या. वरून प्लास्टिक आहे, दिसायला यथातथाच. पण गॅस कमी खातं, रबर टिकतं, आणि जादा मॅगझिन कधीही मिळेल."

काळं हातात घेऊन पाहिलं. हेअर ड्रायर.

मग मला ते दिसलं. चंदेरी. सगळं धातूचं, मुठीला लाकडी पट्ट्या, जुन्या जमान्यातल्या कर्नलच्या कमरेला असावं असं. हात लावला तर बेबोटताई बर्फ सोडून आल्या. "ते नको. सेलमध्ये उगाच नाही टाकलेलं. मॅगझिनच्या बुडातून गॅस गळतो, आणि दुसरं मॅगझिन येत नाही त्याचं. थंडीत तर अगदीच मरगळतं."

ऐकून घेतलं. बर्फ विकणाऱ्या बाईने थंडीबद्दल बोलावं, हत्याराबद्दल नाही.

घाई करायची नाही. तुलनात्मक अभ्यास करायचा.

सोमवार, १७ नोव्हेंबर. ऑफिस.

तुलनात्मक अभ्यास सुरू. सकाळपासून व्हिडिओ पाहतोय. गोळी सुटताना वरची स्लाइड मागे येणारी पिस्तुलं आणि न येणारी. न येणारी स्वस्त, टिकाऊ आणि नेमाला बरी, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणतात म्हणजे त्यात काही तरी गोम असणार.

नवीन मॅडम दोनदा डोकावून गेल्या. हेड ऑफिसने शोरूमला पाठवल्या आहेत, माझ्या मदतीला. माझी केबिन त्यांना दिलीय, कारण त्यांना अजून जागेची सवय नाही. मला गोडाऊनच्या दाराशी टेबल दिलंय. फ्रिजच्या खोक्यांमुळे शांतता चांगली आहे. अनुभवी माणसाला शांतता लागते, हे साहेबांना कळतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

बरोबरी. आज एक गोष्ट घडली, लिहून ठेवतो. दुसऱ्या टीमच्या पोरांनी मला नाव ठेवलंय : अमर. मी मैदानात शिरलो की शिट्ट्या वाजवून ओरडतात, "आले, अमरकाका आले!" इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. शत्रूकडून मिळालेला मान हाच खरा मान.

सेलीला सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलत राहिली.

डोमेंगला हे नाव आवडलेलं दिसत नाही. "नेमी, ती पोरं हसतात रे," म्हणाला. हसणारच. घाबरलेला माणूस हसतो. डोमेंगच्या स्वभावात थोडी असूया आहे, ती मी कधी बोलून दाखवली नाही.

आज दोन छर्रे रायफलला लागले आणि एक बुटाला. हत्यार आणि पादत्राण म्हणजे शरीर नव्हे, असं माझं मत आहे. नियमात तसं नाही. नियम बदलायला हवा.

बुधवार, २६ नोव्हेंबर

तक्रारीचा निकाल लागला. वॉर्डातून आरोग्यसेविका आली, जाडजूड बाई, हातात टॉर्च. मागचं अंगण, टाकी, कुंड्या, सगळं पाहिलं. अळी कुठे सापडेना. मग म्हणाली, चावलेलं दाखवा. शर्ट वर केला. तिने टॉर्च मारला. बराच वेळ मारला. म्हणाली, "दादा, डास असे रांगेत चावत नाहीत."

सेली स्वयंपाकघरात गेली आणि तिथून खोकल्यासारखा आवाज आला.

सरकारी माणसांकडून काही होणार नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

अभ्यास पूर्ण. निष्कर्ष : काळं पिस्तूल सर्व बाबतीत सरस आहे.

चंदेरी घेतलं.

कारणं : (१) बॅकअप हे वापरायचं नसतं, ते असायचं असतं. (२) वजन. (३) काळं संपत आलं होतं. (बेबोटताई म्हणतात खोकंभर आहेत. पण कधी तरी संपणारच.)

बेबोटताईंनी पैसे घेतले आणि वर सिलिकॉन तेलाची छोटी बाटली फुकट दिली. "दर वेळी एक थेंब. आणि मॅगझिन खिशात ठेवा, अंगाच्या उबेला. गळायला लागलं की घेऊन या, रबर बदलून देते. लाजू नका." लाजायचं काय त्यात. गळणारच नाही.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी आरशासमोर सराव. हात कमरेकडे, पकड, खेचणे, नेम. अजून होल्स्टर आलेला नाही, म्हणून तूर्त पट्ट्यात खोचतो. तिसऱ्या वेळेला पिस्तूल पँटमधून खाली घोट्यापर्यंत गेलं. होल्स्टर आल्यावर हा प्रश्न उरणार नाही.

दुपारी एक छर्रा चुकून सुटला. सेलीने खिडकीत लावलेला नाताळचा कंदील गेला. म्हणजे एक बाजू गेली. दुसऱ्या बाजूने अजून छान दिसतो. पिस्तुलाचा नेम उत्कृष्ट आहे हे यातून सिद्ध झालं.

कपाटातून बारीक आवाज येतोय. स्स्स. लाकूड वाजत असेल.

रविवार, ७ डिसेंबर

जिंकलो! पण मन खट्टू आहे. डोमेंगमुळे.

नीट लिहितो. शेवटच्या शेडमागे मी आणि डोमेंग, दोघंच उरलो होतो. होल्स्टर नाही म्हणून पिस्तूल आणलं नव्हतं, रायफल चालत होती. मी पुढे, डोमेंग माझ्या मागे दोन हातांवर. जेरिको कोंबड्यांच्या जाळीमागून उठला आणि त्याने एक छर्रा मारला. मी त्याला मारलं. तो म्हणाला, मी आधी मारली, काकांच्या मानेला लागली. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, लागली. मी म्हटलं, जाळीला लागली. मैदानाचा मालक पंच असतो, तो आला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोमेंगला विचारलं, "तू मागेच होतास. तू सांग. लागली की नाही? तू म्हणशील ते खरं."

डोमेंग माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघितलं. म्हणाला, "नाही लागली."

सामना आमचा.

आम्ही परतताना नेहमी रस्त्यालगतच्या खाणावळीत तोसिनो, म्हणजे गोड मुरवलेलं डुकराचं मांस, आणि भात खातो. आज डोमेंग थांबला नाही. माझ्या दारात गाडी बंद केली, स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "नेमी, तुझ्या मानेला लागली ती. मी आवाज ऐकला. टप्प झालं."

मी म्हटलं, "मग तू खोटं का बोललास?"

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

मी कॅप्टन आहे. मैत्री एका बाजूला, शिस्त एका बाजूला. सांगितलं त्याला, की टीममध्ये खोटं बोलणारे चालणार नाहीत, पुन्हा असं झालं तर मला विचार करावा लागेल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणी दुसराच माणूस गाडीत येऊन बसलोय. मग वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं.

कडक बोललो. पण वेळच्या वेळी बोललेलं बरं.

(मानेला थोडं सुजलंय. सीट बेल्ट.)

मंगळवार, ९ डिसेंबर

डोमेंग टीमच्या ग्रुपमधून बाहेर पडला. निरोप नाही, काही नाही. फोन उचलत नाही. नाताळात दुकानात गर्दी असते. येईल.

शनिवार, २० डिसेंबर

टीमची नाताळ पार्टी. डोमेंग आला नाही. त्यामुळे डुकराचं भाजलेलं मांस आणायला गाडी नव्हती, पान्सित शेवयांवर भागवलं.

चिठ्ठ्या टाकून भेटवस्तू वाटायच्या होत्या. या वर्षी पोरांनी ठरवलं की चिठ्ठ्या नकोत, ज्याने त्याने हवं त्याला द्यावं. मला सगळ्यात जास्त मिळाल्या. पहिली उघडली : लाल फडकं. दुसरी : लाल फडकं. तिसरीत तर रेशमी, काठाला झालर. पोरं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.

मी आभाराचं भाषण केलं. म्हटलं, कॅप्टनच्या गरजेचा विचार करणारी टीम भाग्याने मिळते, पण मला या वस्तूची कधी गरज पडत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. त्यावर कोणी हसलं नाही. हसतील असं वाटलं होतं. एक जण म्हणाला, "जाऊ दे रे," आणि कराओके लावला.

सेली फडक्यांनी गरम भांडी उतरवते. जाड आहेत, चांगली आहेत.

गुरुवार, २५ डिसेंबर

मध्यरात्रीच्या जेवणाला डोमेंग आणि त्याची बायको दर वर्षी येतात. या वर्षी सेलीने त्यांच्यासाठी हॅम राखून ठेवला होता. सकाळी तो फ्रिजमध्ये गेला.

सेलीने विचारलं, तू त्याला काय बोललास? सांगितलं सगळं, कारण माझ्या बाजूने लपवण्यासारखं काही नाही. ऐकून ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "लागलं तर लागलं म्हणावं रे, नेमी. त्यात काय माणूस मरतो?" म्हटलं, खेळात मरतो. म्हणाली, "आणि थोड्या वेळाने उठून परत खेळतो ना?"

हा तांत्रिक मुद्दा झाला.

मग ती उठता उठता म्हणाली, "माझंच चुकलं. मी इतकी वर्षं काय काय बोलले तुला. घरातसुद्धा तुला कधी काही लागलं नाही."

तिचा नेम पहिल्यापासून वाईट.

सोमवार, ५ जानेवारी

होल्स्टर आला. डाव्या हाताचा आहे. बदलून मिळायला वेळ लागेल, म्हणून डाव्या हाताने सराव सुरू केलाय. बरेच मोठे नेमबाज डावरे असतात.

कपाटातल्या कपड्यांना गॅसचा वास येतोय. लाकूड नव्हतं ते. बेबोटताईंकडे जायला हवं. रविवारनंतर जाईन. आत्ता गेलो तर त्यांना वाटेल त्यांचं बरोबर होतं.

ऑफिस : मदतीला आलेल्या मॅडमच्या दारावर पाटी लागली. 'शाखा व्यवस्थापक'. पाटी बनवणाऱ्याची चूक असणार. साहेबांना विचारलं नाही. लोकांच्या चुका चारचौघांत काढू नयेत.

रविवार, ११ जानेवारी. दुपार.

जिंकलो.

सकाळी चांगलंच गार होतं. डोमेंगचा पिकअप नाही, म्हणून जीपनी बदलत बदलत पोहोचलो. कमरेला चंदेरी. दोघांतिघांनी वळून पाहिलं. जेरिको म्हणाला, "वा काका, झकास दिसतंय!" मनापासून म्हणाला. पोरगा वाईट नाही.

शिट्टी झाल्यावर मी डाव्या बाजूने निघालो. मधला पट्टा उघडा आहे, सगळी लाहारची राख, लपायला गवताची काडी नाही. तिथून कोणी जात नाही. मी गेलो. एक छर्रा आला नाही. मनात म्हटलं, चाल फसली त्यांची, मला पाहिलंच नाही.

पहिल्या शेडमध्ये त्यांचे दोघे पिंपामागे बसून पाणी पीत होते. त्यांनी मला पाहिलं. बंदुका मांडीवर होत्या, उचलल्या नाहीत. एक म्हणाला, "काका, पाणी?" मी गोळी झाडली. दोघांनी हात वर केले, फडकी डोक्यावर टाकली आणि आपल्या गप्पा पुढे चालू ठेवल्या. कोणाच्या तरी लग्नाबद्दल होत्या.

पुढच्या शेडमध्येही तेच. माझ्या मागून आमचा एक पोरगा आला तर त्याच्यावर दहा बाजूंनी छर्रे सुटले, तो बिचारा बसकण मारून 'हिट, हिट' करत बाहेर गेला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. माझ्या बाजूला एकही नाही. मी मुद्दाम दोन पावलं पुढे झालो. दारात उभा राहिलो. पूर्ण उजेडात.

कोणी मारलं नाही.

शेवटच्या शेडमध्ये झेंडा होता आणि जेरिको होता. त्याने रायफल भिंतीला टेकवलेली. माझ्या रायफलची बॅटरी पुन्हा बसली. ज्या क्षणासाठी एवढा अभ्यास केला तो हाच क्षण. हात कमरेकडे, पकड, खेचणे, नेम. एकदाही अडकलं नाही. डाव्या हाताने. घोडा ओढला.

फुस्स.

सोड्याची शिळी बाटली उघडल्यासारखं. पुन्हा ओढला. तेवढंही नाही.

जेरिकोने पिस्तुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता रायफल उचलेल. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्याने उचलावी. त्याने हात वर केला. "हिट," म्हणाला, अगदी हळू, आजारी माणसाजवळ बोलतात तसं. फडकं डोक्यावर टाकलं. "झेंडा घ्या, काका," म्हणाला आणि निघून गेला.

झेंडा घेतला. बाहेर आलो तर दोन्ही टीमनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी. रात्री.

मॅगझिन काढून पाहिलं. सगळे छर्रे जागच्या जागी आहेत.

गॅसचा झोत लागला असेल त्याला. गार झोत अंगाला लागला की छर्रा वाटू शकतो. नियमात झोत धरतात का, बघायला हवं. उद्या बघेन. परवा.

सेलीने बामची बाटली आणली. शर्ट वर केला. तिने बाटलीचं झाकण उघडलं. मग म्हणाली, "आज काहीच नाही?" म्हटलं, नाही. तिने पाठीवर हात ठेवला, तसाच राहू दिला. बाम लावण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवार, १३ जानेवारी

ठराव : डोमेंगकडे जायचं. स्पष्ट बोलायचं. वाक्यही तयार केलं, दोनच शब्दांचं. जीपनीत म्हणून पाहिलं, सोपं आहे.

दुकानात डोमेंग काउंटरमागे चष्मा लावून पाने-पकडी साफ करत होता. मला पाहिलं. चष्मा काढला नाही. "बोला," म्हणाला. त्याने मला कधी 'बोला' म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, "स्पार्क प्लग."

"कुठल्या गाडीचा?"

म्हटलं, कुठलाही.

माझ्याकडे मोटरसायकल नाही. कधीच नव्हती. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. त्याने खण उघडला, एक प्लग काढला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला, सुट्टे पैसे मोजून काउंटरवर ठेवले. हातात नाही दिले. मग उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला, पाने-पकडी खाली ठेवून. वाट बघत असल्यासारखा.

मी पैसे उचलले आणि आलो.

दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यामुळे बोलता आलं नाही. गिऱ्हाईक मीच होतो.